स्क्रूवरचा लाल थेंब

रविवार, ४ ऑगस्ट २०२४

या नोंदींमधून मला जे सिद्ध करायचे आहे ते आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे सोयीनुसार ते बदलता येणार नाही. साध्य असे: वीस ते तीस यार्डांवरून हरणावर बाण सोडणाऱ्या माणसाला धनुष्याच्या माशीची बारीक जुळवाजुळव करण्याची गरज नसते. माशी म्हणजे चौकटीतला तो हिरवा ठिपका, जो हरणाच्या छातीवर ठेवून दोरी सोडायची. ती एकदा बसवली की बसली. त्यानंतर दर वर्षी तिचा स्क्रू एक खटका वर, एक खटका खाली फिरवत राहणे ही गरज नव्हे, खोड आहे.

प्रतिपक्ष म्हणजे माझा नवरा, ऑर्लिन हाउगस्टाड. त्याच्याशी हा वाद मी जवळजवळ तीस वर्षे घातला. जानेवारी २०२२ मध्ये तो हृदयविकाराने गेला आणि वाद निकालाविना राहिला. मी एकवीस वर्षे या जिल्ह्यात न्यायाधीश होते. निकालाविना पडून राहिलेली प्रकरणे मला पाहवत नाहीत.

पुरावा. माझे धनुष्य २००८ साली घेतले. त्या ऑगस्टमध्ये ऑर्लिनने माशी बसवली आणि मी त्याला बजावले की यापुढे तिला हात लावायचा नाही. तो म्हणाला, "लाव मग सील." भाचीच्या लग्नासाठी घेतलेली लाल नेलपॉलिशची बाटली माझ्याकडे होती. त्यातला एक थेंब त्याने स्क्रूच्या डोक्यावर टाकला. स्क्रू फिरवला तर थेंब तडकणार. थेंब आजही अखंड आहे. २००८ ते २०२१ या चौदा हंगामांत, न फिरवलेल्या या माशीने, मी तेरा हरणे टिपली. एकही जखमी होऊन पळाले नाही.

माशी हलवली नाही. नेम चुकला नाही. म्हणून माशी हलवण्याची गरज नाही. एवढे सरळ विधान त्याला तीस वर्षांत खोडून काढता आले नाही. तो फक्त हसत असे. हसणे हा युक्तिवाद नव्हे.

मंगळवार, ६ ऑगस्ट

धनुष्य पेटीतून काढले. २०२२ च्या हंगामात मी टेकडीवर गेलेच नव्हते. गेल्या वर्षी गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस बावीस यार्डांवर एक हरिणी येऊन उभी राहिली, मी दोरी ओढली आणि ती अर्ध्यावर अडली. दुसऱ्यांदा ओढताना जाकिटाची बाही खसखसली. हरिणीने मान वर केली, मला पुरते पाहून घेतले आणि चालत निघून गेली. पळण्याइतकेही तिने मला महत्त्व दिले नाही.

आज अंगणातल्या पेंढ्याच्या गठ्ठ्यावर वीस यार्डांवरून दहा बाण मारायचे ठरवले होते. सहाव्यानंतर खांदा थरथरू लागला. बाण मध्यबिंदूच्या सर्व बाजूंना विखुरले. विखुरले, पण मध्याभोवतीच. म्हणजे माशी बरोबर आहे. मुद्दा माझ्या बाजूने नोंदवला.

विखुरण्याचे कारण वेगळे आहे. चौदा वर्षे हे धनुष्य जसेच्या तसे राहिले. एका वर्षीही ते मला जड वाटले नाही. ऑर्लिन गेल्यानंतरच ते ताठ झाले आहे. वस्तू आपोआप ताठ होत नाही आणि भुताखेतांवर माझा विश्वास नाही. दोरी आखडली असली पाहिजे. धनुष्ये दुरुस्त करणाऱ्या डेल्मरला नवी दोरी घालायला सांगेन.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

मेण शोधायला शेडमध्ये गेले. कामाच्या बाकाच्या वर, लाकडी खांबावर पेन्सिलीने लिहिलेली ती उभी ओळ अजून आहे. पुसली असती तर बरे झाले असते. डावीकडे वर्ष, उजवीकडे आकडा. २००८, बावन्न. २००९, एक्कावन्न. असे उतरत उतरत शेवटी २०२१, एक्केचाळीस. मथळा नाही.

मथळ्याची गरजही नव्हती. २००८ च्या वसंतात ऑर्लिनच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. आकडे त्याच वर्षी सुरू होतात. धनुष्याचा ताण पौंडांत मोजतात. म्हणजे हा माणूस जवळजवळ दर वर्षी आपल्या धनुष्याचा ताण एकेक पौंडाने उतरवत होता, आणि ते मला कळू नये म्हणून घरात न लिहिता इथे लिहीत होता. मला ते पहिल्या तीन-चार वर्षांतच उमगले होते. मी बोलले नाही. नवऱ्याच्या अभिमानाला एखादा खांब लागत असेल तर तो असू द्यावा.

एकदाच बोलले. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, तो इथेच शेडमध्ये मचाणाच्या शिडीचे पट्टे आवळत होता. टेकडीवर आमची दोन मचाणे आहेत, मधल्या ओढ्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर. पंचवीस वर्षे आम्ही तिथे बसलो. बोलायचे नसे. पण उजाडले की पलीकडून एक हात वर होई आणि मी माझा वर करी. संसारातले आमचे सर्वांत चांगले संभाषण तेच असावे. त्या दिवशी मी त्याला म्हणाले, "या वर्षी तू खाली राहा. खांबावरचे आकडे मला वाचता येतात, ऑर्लिन. ते पुरेसे बोलतात." तो खांबाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "हो. बोलतात खरे." मी याला कबुली समजले आणि विषय तिथेच मिटवला.

त्या हंगामात मी एकटीच बसले. उतरून घरी येई तेव्हा कॉफी तयार असे आणि दाराशी त्याचे बूट ओले असत. शेडमध्ये जाऊन आला असेल, असे मी धरून चाले.

आता त्या टेकडीवर, समोरच्या रिकाम्या मचाणाकडे तोंड करून बसणे, एवढेच माझे कोणासोबत तरी बसणे उरले आहे. हे मी भावनेपोटी लिहीत नाही. यंदाच्या प्रकरणात पणाला काय लागले आहे, ते नोंदीत असावे म्हणून लिहिते.

सोमवार, १२ ऑगस्ट

आज उच्चारलेली वाक्ये: दोन. दोन्ही दवाखान्याच्या फोनवरील यंत्राला.

गुरुवार, १५ ऑगस्ट

डेल्मर आला. डेल्मर हा ऑर्लिनचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे एकोणसत्तरचा. जुन्या दूधघरात त्याने धनुष्यदुरुस्तीचे दुकान थाटले आहे.

"काय जज्जबाई, कोर्ट चालू आहे की सुट्टी?"

"दोरी आखडली आहे. नवी घालून दे."

त्याने धनुष्य हातात घेतले आणि फ्रीजचे दार उघडावे तशी दोरी मागे ओढून परत सोपवली. "दोरी आखडत नाही हो. आखडतं ते दुसरंच काहीतरी."

"उदाहरणार्थ?"

"उदाहरणार्थ..." त्याने टोपी मागे सरकवून डोके खाजवले. "यंदा हवा फार दमट आहे."

हे उत्तर कोणत्याही न्यायालयात टिकले नसते. मग त्याने माशीच्या स्क्रूवरच्या लाल थेंबावर अंगठा फिरवला. "ती बाटली आहे का घरात अजून? नेलपॉलिशची?"

"असेल. का?"

"सहज."

मी शोधून आणली. तळाला वाळलेली खपली तेवढी शिल्लक होती. लग्नाला दहा बोटे रंगवली आणि एक थेंब स्क्रूवर गेला. एवढ्या वापरात बाटली संपायला नको होती. झाकण नीट बसले नसावे, सोळा वर्षांत उडून गेले असेल. तसे मी म्हणाले. डेल्मरने बाटली उजेडासमोर धरली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवली.

"हो," तो म्हणाला. "झाकणच असणार."

"दोरीचे काय?"

"दोरीचं बघतो. मेण लावून आणतो, ऑर्लिन लावायचा तसं. माशीला मात्र मी हात लावत नाही. बाटली संपलीय."

बाटलीचा इथे काय संबंध, ते मी विचारायला हवे होते. विचारले नाही, कारण तो एव्हाना लोणी-साखर लावलेल्या तिसऱ्या लेफ्सेची, म्हणजे बटाट्याच्या पातळ नॉर्वेजियन पोळीची, गुंडाळी करत होता आणि कोणीतरी स्वयंपाकघरात जेवत आहे हे मला मोडायचे नव्हते. तो गेल्यावर दुसरा कप विसळावा लागला. बरे वाटले. नोंदवण्याचे कारण नाही, तरी नोंदवते.

सोमवार, १९ ऑगस्ट

धनुष्य परत आले. दोरी पूर्वीसारखी येते! कित्येक ऑगस्ट असेच होत असे. ऑर्लिन दोन संध्याकाळी धनुष्य शेडमध्ये नेई, "मेण लावतो" म्हणे, आणि ते हातात जसेच्या तसे परत येई. दोरी कोरडी पडली होती, एवढेच होते तर. त्याच्या मेणाला मी कधी श्रेय दिले नाही, ते आज देते.

गुरुवार, २२ ऑगस्ट

वीस यार्डांवर बारा बाण. सर्व एका मुठीत मावतील असे जवळजवळ. खांदा शांत. परंतु संपूर्ण पुंजका मध्याच्या दोन बोटे खाली.

तीस यार्डांवर तो चार बोटांहून जास्त खाली जातो.

थेंब तपासला. अखंड. माशी हललेली नाही. म्हणजे दोष माशीचा नाही.

रविवार, २५ ऑगस्ट

चर्चच्या तळघरात मार्लीसने रजया शिवायच्या मंडळात ये म्हणून पुन्हा विचारले. मी म्हणाले, विचार करते. मार्लीसला माझ्या "विचार करते"चा अर्थ ठाऊक आहे. कधीकाळी ती माझ्या न्यायालयात ज्यूरीवर होती.

दुपारी डेल्मर. त्याने पेंढ्यातले बाण पाहिले आणि खिशातून ॲलन की, माशीच्या स्क्रूची षट्कोनी किल्ली, काढली.

"चार बोटं खाली जातोय, जज्जबाई. ही किल्ली लावा, खटके फिरवा, विषय संपला."

"ते खटके फिरवले की विषय सुरू होईल."

"हरणाला तुमचं साध्य ठाऊक नाही हो!"

"हरणाची छाती कागदी बशीएवढी असते. बशीत पडला की झाले."

"बशीत पडला तर. येत्या सात तारखेला बशीचा शनिवार आहे."

"असू दे."

"आणि बाहेर पडला तर? नियम कोणी लिहिलाय?"

"मी."

"तेच म्हणतोय मी. दुसऱ्या कोणी लिहिला असता तर एखादी पळवाट तरी ठेवली असती."

नियम १९९६ चा. एका पुतण्याने हरीण जखमी करून सोडले; आम्ही तिघे दीड दिवस रक्ताच्या थेंबांमागे फिरलो आणि ते सापडले नाही. त्या आठवड्यात मी मसुदा केला आणि तो शेडच्या दारावर लावला: "हंगामापूर्वीच्या शनिवारी, तीस यार्डांवरून, तीन बाण, एक कागदी बशी. एकही बाण बाहेर गेल्यास त्या व्यक्तीने त्या वर्षी या टेकडीवर धनुष्य न्यायचे नाही. अपवाद नाही. पुनर्विचार नाही."

"नाहीतर माझा क्रॉसबो घ्या," डेल्मर म्हणाला. "गुडघ्यावर ठेवायचा, घोडा दाबायचा, कॉफी प्यायची."

"ती शिकार नव्हे. ते पेटीत टपाल टाकणे झाले."

तो हसला. मग अचानक हसणे थांबवून म्हणाला, "एक-दोनच खटके. माझ्यासाठी. मी बाहेर जाऊन उभा राहतो, मी पाहिलं नाही म्हणेन."

सत्तरीला टेकलेला माणूस एका स्क्रूसाठी इतका गयावया का करतो, ते मला समजले नाही. भाऊ मेला तरी त्याची बाजू लढवायची, असे काहीतरी असावे. मी किल्ली त्याच्या खिशात परत घातली.

शनिवार, ७ सप्टेंबर

बशीचा शनिवार. एके काळी अकरा माणसे असत. लांब टेबल मांडावे लागे, चर्चमधून कॉफीचे मोठे भांडे आणावे लागे. तिघे शहरात गेले, चौघे क्रॉसबोकडे गेले, दोघे दफनभूमीत गेले. आज डेल्मर आणि मी. थर्मास पुरला.

वारा नव्हता. डेल्मरने आधी मारले, तिन्ही आत. मग मी. पहिला बाण बशीच्या खालच्या काठाच्या आत, अंगठ्याएवढा. दुसरा काठावर, कागद फाटला, म्हणून आत. तिसरा एक बोट खाली, पेंढ्यात.

"टाका दुसरी बशी," डेल्मर म्हणाला. "वारा आला होता."

"वारा नव्हता."

"मी सांगतो आला होता. साक्षीदार मी आहे."

"साक्षीदार पक्षपाती आहे. बाण बाहेर आहे, डेल्मर."

मी धनुष्य टेबलावर ठेवले. माझा आवाज स्थिर होता असे मला वाटते. तो मात्र पेंढ्याच्या गठ्ठ्यावर जाऊन बसला आणि त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हे मी केलंय," तो म्हणाला. "तुम्ही नाही चुकलात. मी दोन्ही टोकांचे बोल्ट सैल केले. दोरी ओढवत नव्हती तुम्हाला. ताण उतरवला की बाण हळू जातो, खाली पडतो, मग माशी पण खाली घ्यावी लागते. ती घेतली असती, पण थेंब फोडल्यावर परत टाकायला बाटलीत काही नव्हतं. म्हणून म्हणत होतो, तुम्हीच फिरवा."

"किती उतरवला?"

"चार पौंड. एक्केचाळीसवरून सदतीसवर."

शेडमध्ये हरणे तोलायचा काटा टांगलेला आहे. मी धनुष्य तिथे नेऊन त्याच्या हुकाला अडकवले आणि डेल्मरला खाली ओढायला सांगितले. काटा सदतीसपर्यंत चढला आणि घसरला. खरे सांगत होता. मग मी त्याला असा प्रश्न विचारला, जो मी हजारो साक्षीदारांना विचारला असेन.

"आधी ते एक्केचाळीस होते, हे तुला कसे कळले? मोजले होतेस?"

"नाही."

"मग?"

त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. मी वळले. माझ्या मागे खांब होता.

२०२१, एक्केचाळीस.

मी जवळ जाऊन सगळी ओळ वाचली, जणू पहिल्यांदाच. मग म्हणाले, "दुकानातून आणले तेव्हा माझ्या धनुष्याचा ताण किती होता?"

"बावन्न."

"ऑर्लिनचा?"

डेल्मर ट्रककडे गेला आणि ऑर्लिनचे धनुष्य घेऊन आला. शेवटच्या आठवड्यात ऑर्लिनने ते त्याला दिले होते. त्याने ते काट्याला लावले आणि दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढले. साठ.

"शेवटपर्यंत साठच," तो म्हणाला. "खांदा दुरुस्त झाल्यावर एकदासुद्धा उतरवलं नाही. आर्डिस, ते आकडे तुझे आहेत."

मी न्यायाधीश झाल्यापासून हा माणूस मला जज्जबाई सोडून काही म्हणाला नव्हता.

"दर ऑगस्टला तुझ्याकडे बघायचा तो," डेल्मर सांगत होता. "तू लाकडं कशी उचलतेस, बरणीचं झाकण कसं उघडतेस. मग ठरवायचा, यंदा एक पौंड, नाहीतर यंदा काही नको. बोल्ट सैल करायचा, मग माशी जुळवायची, मग नवा थेंब टाकायचा. जाताना मला म्हणाला, पुढचं तू बघ. पण तू दोन वर्षं धनुष्य कोणाच्या हातीच दिलं नाहीस. मागायला धीर झाला नाही."

"२०२१ साली मी त्याला मचाणावर येऊ नको म्हणाले," मी म्हणाले. "या आकड्यांवरून म्हणाले. तो काहीच का बोलला नाही?"

"काय बोलणार? आकडे माझे नाहीत म्हणाला असता, तर तू लगेच विचारलं असतंस, मग कोणाचे? तुझ्यासमोर उभं राहून खोटं बोलायला जमलंय का कोणाला?"

"म्हणून सगळा हंगाम तो घरी बसला."

"घरी?" डेल्मरने मान हलवली. "खाली फाटकापाशी, ट्रकमध्ये बसायचा. रोज. तू उतरायला लागलीस की आडवाटेने पुढे जाऊन कॉफी ठेवायचा."

अंगणात परत आल्यावर त्याने टेबलावर दुसरी कोरी बशी ठेवली. मी ती पुन्हा कोऱ्या बश्यांच्या चळतीत सरकवली.

रविवार, ८ सप्टेंबर

चर्चला गेले नाही. नखे घासायच्या कानशीने स्क्रूवरचा थेंब बाजूने खरवडला. एक थेंब नव्हे. एकावर एक बसलेले थर, मधे मधे धुळीची बारीक करडी रेघ, कापलेल्या ओंडक्यावर असते तशी. मला अकरा मोजता आले. खालचे एकमेकांत मिसळले आहेत.

सोळा वर्षे मी हे सील अखंड आहे म्हणून दाखवत आले. सील कोणाच्या ताब्यात होते, हा प्राथमिक प्रश्न मी कधीच उपस्थित केला नाही. माझ्या न्यायालयात एखाद्या नवशिक्या वकिलाने असा पुरावा आणला असता तर मी त्याला जेवणाच्या सुट्टीत घरी पाठवले असते.

मग ॲलन की लावली. पाच खटके. तीस यार्डांवरून तीन बाण सोडले. तिन्ही मधोमध, पिसे एकमेकांना घासत होती.

साध्य असिद्ध. बारीक जुळवाजुळवीने फरक पडतो. माशी कधीच हलली नाही हे माझे पहिलेच विधान खोटे होते. ती दर ऑगस्टला हलत होती, म्हणूनच नेम चुकला नाही. प्रतिपक्ष हसत असे. तो युक्तिवाद नव्हता, हे मत मी कायम ठेवते. त्याच्याकडे युक्तिवाद होता. तो त्याने वापरला नाही.

डेल्मरचा फोन आला. "आता बसतायत ना बाण? मग? कोण बघायला येतंय? चला टेकडीवर."

"नियमात पुनर्विचार नाही."

"तो नियम तुम्हीच..."

"म्हणूनच."

त्याने विचारले, "पुढच्या ऑगस्टला?"

"पुढच्या ऑगस्टला एखादा पौंड उतरवावा लागेल," मी म्हणाले. "तू ये. बाटली मी आणून ठेवते."

शनिवार, १४ सप्टेंबर

हंगामाचा पहिला दिवस. डेल्मर उजाडण्यापूर्वी वर गेला. मी धनुष्य घरी ठेवले, थर्मास घेतला, ट्रक खालच्या फाटकापाशी नेऊन, जिथे चाकांच्या जुन्या चाकोऱ्या गवतात अजून दिसतात, तिथे उभा केला. नियम धनुष्याला टेकडीवर मनाई करतो. फाटकाबद्दल त्यात काही नाही.

दव पडले होते. दार उघडून कुंपणापर्यंत चार पावले गेले तेवढ्यात बूट भिजले.

उजेड आल्यावर चालकाच्या जागेवरून समोर पाहिले. फाटकापासून टेकडीपर्यंत ओकची दाट रांग आहे. तिच्यातून काही दिसत नाही असे मी नेहमी समजत आले. परंतु या एका जागेवरून, आणि स्टिअरिंगमागे बसूनच, झाडीत एक अरुंद फट दिसते. फटीच्या टोकाला माझे मचाण आहे: शिडी, कठडा, बसायची फळी. दुसरे काही नाही. त्याचे मचाणही नाही.

उतरून झाडांपाशी गेले आणि नीट तपासले. फांद्या वाऱ्याने मोडलेल्या नाहीत. करवतीने कापल्या आहेत, खोडाशी सपाट, चार झाडांवर मिळून नऊ. काप करडे पडले आहेत. तीन वर्षांचे असावेत.

परत येऊन बसले. मचाण रिकामे होते. सूर्य फळीवर आला तेव्हा मी हात वर केला.

कबुली.

साध्य हरणे ही चूक नव्हे. प्रामाणिकपणे मांडलेले साध्य हरू शकते. सील न तपासणे हा निष्काळजीपणा होता, आणि तो आठ तारखेच्या नोंदीत आला आहे. चूक एकच, आणि ती अशी: एका खांबावर मथळा नसलेले चौदा आकडे होते. तो मथळा मी माझ्या मनाने घातला. त्यावर विसंबून, दुसऱ्या बाजूचे म्हणणे न ऐकता, १७ सप्टेंबर २०२१ रोजी मी ऑर्लिन हाउगस्टाड याला त्याच्या मचाणावरून खाली उतरवले. तो समर्थ होता. तो त्याचा शेवटचा हंगाम होता. तो निर्णय चुकीचा होता, आणि त्यावर अपील करण्याचा हक्क असलेल्या एकमेव माणसाने ते केले नाही.

आर्डिस हाउगस्टाड
खालचे फाटक, १४ सप्टेंबर २०२४